आता बरा आहे ना?

ऑफिसात कुणाच्या घरी कुणी गेलं, तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ आहे. साहेबांना कोण सांगणार, वर्गणी कोण काढणार, स्मशानात कोण जाणार, तेराव्याला कोण. दोन मिनिटं उभे राहतो, खुर्च्या सरकवतो, कामाला लागतो. मरणाची रीत आपल्याकडे ठरलेली आहे.

मूल जिवंत आहे आणि बरं होणार नाही, याची रीत कुठे आहे?

असा बाप रोज कामावर येतो. अशी आई रोज कामावर येते. डबा आणतात, बायोमेट्रिकवर अंगठा ठेवतात, एक्सेलची शीट भरतात. त्यांच्या दुःखाला तारीख नाही, म्हणून वर्गणी नाही. तेरावा नाही, म्हणून कुणी भेटायलाही जात नाही.

त्यांना प्रश्न मात्र एक ठरलेला असतो. "आता बरा आहे ना?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या प्रश्नाला उत्तर एकच चालतं. "नाही, बरा होणारच नाही," असं कुणी सांगितलं तर चहाच्या टपरीवरचा घोळका गप्प होतो आणि सांगणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटतं. म्हणून बाप म्हणतो, "हो, बरा आहे."

तीन आठवड्यांनी त्याचा रजेचा अर्ज येतो. तेव्हा तोच सहकारी म्हणतो, "अहो, बरा आहे म्हणाला होतात ना?"

थॅलेसेमिया मेजर घ्या. देशात दर वर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं हा आजार घेऊन जन्मतात, असा अंदाज अनेक वर्षं सांगितला जातो. आई-बाप मायनर, म्हणजे वाहक. स्वतः ठणठणीत. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. लग्न जमवताना आपण नाडी बघतो, गुण बघतो, गोत्र बघतो, पगार बघतो.

वाहक आहे का ते सांगणारी एचबीए-टूची साधी रक्ततपासणी किती घरांत होते?

या मुलांच्या शरीरात तांबड्या पेशी धड तयार होत नाहीत. बाहेरून रक्त द्यावं लागतं. दर दोन ते चार आठवड्यांनी. मुळापासून बरं करणारा रुळलेला इलाज म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आणि त्याला जुळणारा दाता हवा. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. ज्यांचं जुळत नाही, ते जन्मभर रक्तावर राहतात.

रक्तही फुकट काही करत नाही. प्रत्येक पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात जातं आणि तिथेच साठतं. हृदयात, यकृतात, ग्रंथींत. ते काढायला रोज औषध. पूर्वी त्यासाठी पोटावर सुई टोचून रात्रभर पंप लावून ठेवावा लागे. आता गोळ्या आल्या. पंप गेला, रोजची धास्ती राहिली.

आता हिशेब करू. कारण दुःखाबद्दल सगळेच हळवं बोलतात, हिशेब कुणी करत नाही.

रक्त दर तीन आठवड्यांनी धरा. वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे १७ खेपा. डे-केअर वॉर्ड चालतो दिवसा, आठवड्याच्या कामाच्या वारी. म्हणजे प्रत्येक खेप ऑफिसच्याच वेळेत.

महाराष्ट्रात खासगी कचेऱ्या आणि दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा. त्याही एकदम नाहीत. तिमाहीला दोन जमा होतात आणि वापरल्या नाहीत तर वर्षअखेरीस बुडतात.

तिमाहीत रक्त लागतं चार वेळा, कधी पाच वेळा. रजा दोन.

बाकीच्या खेपा भरपगारी रजेतून. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस. वर्षभर नेमाने कामावर आलात तर १४ दिवसांच्या आसपास. ८ आणि १४ मिळून २२. त्यातल्या १७ रक्ताला गेल्या. उरल्या ५. त्यातच क्रॉसमॅचचा नमुना द्यायचे अर्धे दिवस, दर तीन महिन्यांनी साठलेलं लोह मोजणारी फेरिटीनची तपासणी, वर्षातून एकदा हृदय, यकृत, कान, डोळे. मुलाला ताप आला तर ते वेगळं. भावाचं लग्न, गावची जत्रा, सासऱ्यांचं ऑपरेशन, हे सगळं बिनपगारी.

आणि बापाला स्वतःला ताप आला तर? त्याने तो शनिवार-रविवारी आणावा?

कायदा करणाऱ्यांनी 'नैमित्तिक' म्हणजे अचानक आलेलं काम धरलं. इथे अचानक काहीच नाही. मुलाच्या पुढच्या पाच वर्षांच्या तारखा आज कॅलेंडरवर लिहून देता येतात. तरी दर वेळी नव्याने अर्ज, नव्याने कारण, नव्याने तोंड वेंगाडणं.

"परत तुमचा गुरुवार?"

हो, परत गुरुवार. तो गुरुवार कसा असतो, हे विचारणाऱ्याने एकदा तिथे जाऊन बघावं. सकाळी आठला नंबर. मूल शेवटच्या तीन-चार दिवसांत मलूल झालेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं. शीर सापडेपर्यंत हाताला दोन-तीन टोचण्या. मग पिशवी लागते आणि थेंब मोजत तीन-चार तास जातात. एका पिशवीचे. मोठ्या मुलाला दोन पिशव्या. मूल एका हाताने मोबाइलवर कार्टून बघतं, दुसरा हात पट्टीला बांधलेला.

शेजारच्या स्टुलावर बापाचा लॅपटॉप. कानात इअरफोन. मीटिंग चालू आहे. तो बोलत नसतो तेव्हा म्यूट असतो, कारण वॉर्डात दुसरं कुणाचं तरी मूल रडत असतं. त्याचं नाव पुकारलं जातं. तो म्यूट काढतो, तिमाहीचे आकडे सांगतो, पुन्हा म्यूट करतो. सिस्टर हाताने खूण करते, पिशवी संपत आली. तिकडून आवाज येतो, "तुमच्याकडे बॅकग्राउंडला फार आवाज आहे."

त्या दिवशी त्याच्या नावावर रजा लागलेली असते. आकडेही त्यानेच दिलेले असतात.

सरकारी नोकरीत बरं असतं, असं आपण धरून चालतो. बघू.

केंद्र सरकारने सप्टेंबर २००८ पासून बालसंगोपन रजा दिली. संपूर्ण नोकरीत ७३० दिवस. आकडा ऐकला की खासगीवाल्यांचे डोळे विस्फारतात. आता अटी वाचा. एका वेळी किमान पाच दिवस. वर्षात तीनदा. एकटीने मूल सांभाळणाऱ्या आईला सहादा.

मुलाला रक्त लागतं १७ वेळा, एकेक दिवस. नियम देतो तीन वेळा, पाच-पाच दिवस.

हा नियम दहावी-बारावीच्या परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा आहे. एखादं मोठं ऑपरेशन त्यात बसेल. तीन आठवड्यांनी येणारा आजार बसत नाही. दिवस भरपूर आहेत, पण ज्याला सुटे हवेत त्याच्या हातात गठ्ठाच ठेवला आहे.

आणि बाप? त्याला ही रजा मिळते, पण तो एकटा असेल तर. अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. हा बदलही डिसेंबर २०१८ मधला. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. तीही महिला कर्मचाऱ्यांना, आणि पत्नी नसलेल्या किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांना.

म्हणजे बापाने मुलाच्या उशाशी बसायचं, तर आधी बायको गेलेली किंवा अंथरुणावर हवी.

ही समजूत नियमात लिहिलेली आहे, म्हणून साहेबाच्या तोंडातही तीच येते. "मिसेस आहेत ना घरी?" आहेत. त्याही गेल्या आठ वर्षांत एक रात्र सलग झोपलेल्या नाहीत. पण हे रजेच्या अर्जावर लिहायला रकाना नाही.

मिसेस घरी कशा राहिल्या, हेही विचारायला हवं. अनेक घरांत आजाराचं निदान होतं आणि वर्षा-दोन वर्षांत आईचा राजीनामा पडतो. दोघांपैकी ज्याचा पगार कमी, त्याने नोकरी सोडायची, असं घरात ठरतं. कमी पगार कुणाचा असतो, हे वेगळं सांगायला नको. तिचा पगार गेला, फंड गेला, तिची ऑफिसातली चार माणसं सुटली. तिच्या मुलाचं दुःख सगळ्यांना दिसतं.

तिच्या नोकरीचं सुतक कुणी पाळलं?

हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं मूल जनुकीय आजाराने ग्रस्त. हाडं ठिसूळ, ऑपरेशनांवर ऑपरेशनं. तिच्या सगळ्या रजा संपल्या. केंद्राची बालसंगोपन रजा तिच्या राज्याने लागूच केलेली नव्हती. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २२ एप्रिल २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने बजावलं, की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नव्हे, ती राज्यघटनेने सांगितलेली गोष्ट आहे. राज्याला फेरविचार करायला लावलं. त्याच वर्षी तिथे नियम आला.

छान झालं. पण आजारी मुलाच्या आईने दिल्लीपर्यंत वकील करायचा, तेव्हा कुठे रजा?

जिथे नियमच पोचत नाहीत, तिथली गोष्ट आणखी उघडी आहे. बिगारी, धुणंभांडी करणारी, ठेकेदाराचा वॉचमन. त्यांच्याकडे रजा हा प्रकार नाही, खाडा आहे. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. महिन्यात दोन खाडे झाले की मालकीणबाई कुरकुरतात, तीन झाले की दुसरी शोधतात. सरकारी रुग्णालयात रक्त मोफत मिळतं, हे खरं आणि मोठं काम आहे. रक्ताची पिशवी फुकट.

तिच्याजवळ बसण्याचे पाचशे-सातशे रुपये रोज.

मधल्या थराला ईएसआय आहे. पगार २१ हजारांपर्यंत असला की त्याचा हप्ता कापला जातो. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षातले ९१ दिवस सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात. चांगली सोय आहे. मूल आजारी पडलं तर मुलाला औषध मिळतं. मुलाजवळ बसलेल्या माणसाचा बुडालेला रोज कुणीच देत नाही. सहा वर्षांचं मूल पलंगावर एकटं राहील, असं गृहीत धरलंय का?

आयकर खात्याला हा आजार माहीत आहे. जुन्या करपद्धतीत थॅलेसेमियाच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट मिळते. दिव्यांग हक्क कायद्यालाही माहीत आहे. २०१६ च्या त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. देशाच्या कायद्याला कळलं.

तुमच्या एचआरला कधी कळणार?

मग कुणी म्हणतं, असं असेल तर सोपी नोकरी धरावी. कशी धरणार? कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. स्वतः पॉलिसी घ्यायला गेलं तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पूर्वी चार होती, २०२४ मध्ये तीन झाली. तेही विमा कंपनीने पॉलिसी दिली तर. अशा घरात नोकरी पगारासाठी नसते, विम्याच्या कार्डासाठी असते. मालकाला हे ठाऊक असतं.

म्हणून हा माणूस कधी भांडत नाही. दिवाळीत ड्यूटी लावा, घेतो. दुसऱ्याचं काम द्या, करतो. अप्रेझलमध्ये 'सरासरी' लिहा, सही करतो. त्याला आपण 'शांत स्वभावाचा' म्हणतो.

बँकेत अशी माणसं प्रमोशन नाकारतात. प्रमोशन म्हणजे बदली, बदली म्हणजे नवं गाव, तिथे ना हा डॉक्टर ना ही रक्तपेढी. केंद्र सरकारने २०१४ मध्ये अपंग मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट द्या म्हणून आदेश काढला, तो या माणसांसाठी मोलाचा आहे. पण बढती आणि मूल यांतून एक निवडायची वेळ तरी येतेच. वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेल्या क्लार्ककडे बघून नवी पोरं म्हणतात, "काकांना ॲम्बिशनच नाही."

काकांची महत्त्वाकांक्षा एकच आहे. पोराचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाऊ नये.

बाहेरच्यांना वाटतं, निदान झालं त्या दिवशी काय रडायचं ते रडून झालं, आता सवय झाली असेल. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलाच्या घरी विचारा. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकू लागतो. मग जिना सुटतो. मग सायकल. दहा-बारा वर्षांच्या आसपास बहुतेकांचं चालणं थांबतं. मग हात, मग श्वास. बुद्धीने चुणचुणीत असलेल्या मुलाला हे सगळं समजत असतं.

आई-बाप एकदा हरत नाहीत, दर वर्षी थोडे हरतात. 'काल मुलाचा जिना सुटला' हे रजेचं कारण म्हणून कोणत्या फॉर्मवर लिहायचं?

टाइप वन मधुमेहाच्या मुलाची आई मीटिंगला बसलेली असते आणि फोन वाजतो. मुलाच्या दंडावरच्या सेन्सरने साखर घसरल्याचं कळवलेलं असतं. शाळेत कुणी बघितलं का, ग्लुकोज दिलं का, की तो मैदानावर एकटाच आहे? तिला आत्ता, या मिनिटाला, शाळेला फोन करायचा असतो. समोरून ऐकू येतं, "प्लीज, फोन सायलेंटवर."

तिने सायलेंट केला तर काय होऊ शकतं, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत असतं.

सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकाने १९६२ मध्येच हे लिहून ठेवलं. मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांच्या आई-बापांबद्दल तो लिहीत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. हे दुःख आजार नाही, मनाचा कमकुवतपणा नाही. मूल आहे तोवर ते राहणार, आणि राहणं स्वाभाविक आहे. चूक आई-बापांची नाही, त्यांनी 'आता स्वीकारलं पाहिजे' असा घोशा लावणाऱ्या तज्ज्ञांची आहे. साठ वर्षं उलटून गेली.

आपण अजून "सकारात्मक राहा" म्हणतो.

ऑफिसांत आता वेलनेसचं वारं आहे. शुक्रवारी योग, महिन्यातून एकदा मानसिक आरोग्यावर भाषण, हेल्पलाइनचा नंबर. यातलं काहीच वाईट नाही. काहींना त्याचा खरा आधार होतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण समुपदेशकासमोर बसलेल्या बापाला विचारा, काय हवंय. तो म्हणेल, गुरुवार हवाय. समुपदेशकाच्या हातात गुरुवार नसतो.

तो साहेबाच्या हातात असतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुरुवारी त्याचं काम कुणीतरी करतं. बहुधा शेजारच्या टेबलावरची तीच ती मुलगी, जिला लहान मूल नाही म्हणून सगळ्यांची कामं येतात. तिची कुरकुर खोटी नाही. तिचा संध्याकाळचा क्लास बुडतो, तिची लोकल चुकते. पण दहा माणसांचं काम आठ जणांत ओढायचं कुणी ठरवलं? तिने नाही, त्याने नाही. वरच्याने ठरवलं, आणि खालचे दोघे एकमेकांवर चिडले.

माणूस कमी ठेवून पैसा वाचतो एकाचा, वैर येतं दोघांत.

फ्रान्समधल्या एका कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला कॅन्सर झाला. बापाच्या रजा संपल्या. सहकाऱ्यांनी आपापल्या रजेतले दिवस त्याला दिले. मूल २००९ च्या अखेरीस गेलं. बापाने पाठपुरावा केला आणि ९ मे २०१४ रोजी तिथे कायदा झाला. गंभीर आजारी मुलाच्या आई-बापाला सहकारी आपली रजा देऊ शकतो. नाव न सांगता, मोबदला न घेता. माणुसकी म्हणून हे मोठंच.

पण मला स्वीडनचा नियम जास्त पटतो. तिथे आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या आई-बापाला दर मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा सामाजिक विमा देतो. आई थांबली काय, बाप थांबला काय. मूल अत्यवस्थ असेल तर दिवसांची मर्यादाही नाही. तिथे कुणाला सहकाऱ्यांच्या चांगुलपणाकडे डोळे लावून बसावं लागत नाही. चांगली माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. तीही बदलून जातात.

आपण स्वीडन नाही, हे मान्य. आपल्याकडे एवढा पैसा नाही, हेही मान्य. पण रजा तासावर देणं, याला कितीसा पैसा लागतो? आठ रजांचे चौसष्ट तास करा आणि लागेल तसे वापरू द्या, याला स्वीडनची तिजोरी लागते का?

शेवटची गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. यातली काही मुलं जातात. बारा वर्षांची, सतरा वर्षांची, बावीस वर्षांची. तेव्हा ऑफिस जागं होतं. वर्गणी निघते, लोक येतात. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "सुटला बिचारा. तुम्हीही सुटलात."

कोण सुटलं?

पंधरा वर्षं ज्या माणसाचा दिवस औषधाच्या वेळांनी उगवला आणि मावळला, त्याच्या हाताला आता काम नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२० पासून अठराच्या आतलं मूल गेलं तर आई-बापाला दोन आठवडे रजा कायद्याने मिळते. आपल्याकडे खासगी नोकरीत शोकरजा कायद्यात नाही. कंपनीने दिली तर तीन दिवस, पाच दिवस. नाही दिली तर स्वतःच्या खात्यातून घ्यायची.

खात्यात शून्य असतं. सगळी रजा मूल जगवण्यात गेलेली असते.

मूल गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर आलेला माणूस बघून आपण म्हणतो, "धीराचा आहे हो." त्याच्याकडे दुसरा काही पर्याय होता का, हे कुणी विचारत नाही.

साहेब, मॅडम, तुमच्या हातात खरंच थोडं आहे. सरकारची वाट बघू नका. ज्याच्या मुलाचा आजार कायमचा आहे, त्याच्याकडून वर्षातून एकदाच डॉक्टरचं पत्र घ्या. दर तीन आठवड्यांनी त्याला पुरावा मागू नका. त्याच्या तारखा जानेवारीतच घ्या, वेळापत्रकात घाला, त्या दिवशीच्या कामाला माणूस नेमून ठेवा. त्या दिवशी त्याला कॉल लावू नका. रजा तुकड्यांत द्या, अर्ध्या दिवसाची, दोन तासांची. बापालाही द्या. अप्रेझलच्या वेळी त्याने काय काम केलं ते मोजा, किती गुरुवार नव्हता ते मोजू नका.

आणि केंद्रातल्या, राज्यातल्या नियम करणाऱ्यांनी त्या पाच दिवसांच्या आणि तीन वेळांच्या अटी दीर्घ आजारी मुलांसाठी काढून टाकाव्यात. एक दुरुस्ती, दोन ओळींची.

उरलो आपण, शेजारच्या टेबलावरचे. "आता बरा आहे ना?" हे विचारणं थांबवू. "पुढची तारीख कधी आहे, त्या दिवशीचं तुमचं काय काम मी घेऊ?" हे विचारू. आणखी एक. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, माणसं गावी जातात, रक्तदानाची शिबिरं कमी होतात, रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. या मुलांना त्या दोन महिन्यांतही दर तीन आठवड्यांनी रक्त लागतंच, आणि पिशवीसाठी बापाची रजा एका पेढीतून दुसऱ्या पेढीत फिरण्यात जाते. वय १८ च्या पुढे, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ असलं आणि प्रकृती चांगली असली, की पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं. या मेमध्ये तुमच्या ऑफिसात शिबिर लावा. जवळच्या रक्तपेढीला आजच फोन करा.